निम्म्या घराची मालकीण

आप्पासाहेब औताड्यांना एका खोट्यामागे एक लाख एकोणपन्नास हजार रुपये सुटणार होते. बरं, ते खोटंही त्यांना स्वतःच्या तोंडानं बोलायचं नव्हतं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ते टाईप होणार होतं आणि खाली सही होणार होती बायकोची. म्हणजे फायदा आप्पासाहेबांचा, कागद सरकारचा आणि खोटं सारजाबाईंचं. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला याहून स्वस्तातला व्यवहार कुठं सापडणार?

आणि आप्पासाहेब काही साधे कारकून नव्हते. फेब्रुवारी आला की विम्याच्या पावत्या, मुलांच्या फीच्या पावत्या घेऊन अख्खं ऑफिस त्यांच्या टेबलाशी रांग लावायचं. साहेब लोकसुद्धा शिपायाच्या हातानं आपला कागद पाठवायचे. कुणाचा किती कर वाचवला हे आप्पासाहेबांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं आठवे. कर भरणाऱ्या माणसाकडे ते शहागंजच्या बाजारात पाकीट मारलं गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत. वाईट वाटे, पण चूक त्याचीच, असं.

घर होतं गारखेड्याला. दोन खोल्यांचा फ्लॅट, भाड्यानं द्यायला म्हणून दोन हजार नऊ साली चौदा लाखांना घेतलेला, नवरा-बायको दोघांच्या नावावर. ते स्वतः राहायचे सिडकोतल्या घरात. दोन हजार सतराच्या दिवाळीला तो फ्लॅट चव्वेचाळीस लाखांना विकला आणि सगळी रक्कम पुण्यात मुलाबरोबर घेतलेल्या नव्या फ्लॅटमध्ये घातली. घर विकून घर घेतलं की नफ्यावर कर नाही, हे आप्पासाहेबांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यामुळं जुलै महिन्यात ते समर्थनगरला मीनाक्षी वैद्यच्या ऑफिसात गेले ते अगदी बिनघोर. मीनाक्षी म्हणजे जुन्या सहकाऱ्याची मुलगी, आता सी.ए. रिटर्न भरायचं ते तिच्याकडेच.

मीनाक्षीनं कागद चाळले.

"काका, तुमच्या निम्म्या नफ्याचं काही नाही. तो पुण्याच्या घरात गेला, माफ झाला. काकूंच्या निम्म्याचं काय?"

"तोबी तिथंच गेला की."

"पैसे गेले. काकू गेल्या का? पुण्याच्या करारावर नावं कुणाची आहेत?"

"माझं आन् पोराचं."

"काकूंचं?"

"बँकेनं कमावत्यांचीच नावं मागितली होती."

बँकेनं असं काही मागितलं नव्हतं. अर्जदार किती, एवढंच तिथल्या मुलीनं विचारलं होतं आणि आप्पासाहेब म्हणाले होते, दोन. तिसरं नाव त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मुद्दाम टाळलं असतं तर निदान आठवलं होतं असं तरी म्हणता आलं असतं.

"मग काकूंना सूट नाही," मीनाक्षी म्हणाली. "सहा महिन्यांच्या आत त्यांच्या नावानं सरकारी बाँड घेतले असते तरी भागलं असतं. ती मुदत एप्रिलात गेली." तिनं कॅल्क्युलेटर फिरवून आप्पासाहेबांकडे केला. व्याजासकट एक लाख एकोणपन्नास हजार.

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता.

"यातून काही वाट?"

"वाट विचारू नका काका, खरं काय ते सांगा. घर दोघांच्या नावावर असलं तरी कर नावावर बसत नाही, पैसा कुणी घातला त्याच्यावर बसतो. काकूंनी स्वतःचा पैसा घातला असेल तर निम्मा नफा त्यांचा, निम्मा कर त्यांचा. नसेल घातला, नाव नुसतं सोबतीला असेल, तर सगळा नफा तुमचा आणि सगळी सूटही तुमची. कर शून्य. घातला होता का?"

बाहेर कुणी तरी स्कूटर लावत होतं. तिचा स्टँड लागेपर्यंत आप्पासाहेब थांबले.

"नाय," ते म्हणाले. "तिचा कुठला पैसा? ती घरातच असती."

"मग आठ वर्षं निम्मं भाडं त्यांचं म्हणून कसं दाखवलंत?"

आप्पासाहेबांना खोकला आला. ते भाडं त्यांनीच दाखवलं होतं. सगळं स्वतःच्या पगारात धरलं असतं तर वरच्या टक्क्यानं कर बसला असता. निम्मं बायकोचं म्हटलं की तिला कर नाही आणि आपलंही ओझं हलकं. निम्मं भाडं तिच्या खात्यात जमा व्हायचं. आप्पासाहेब तिच्याकडून पैसे काढायच्या चिठ्ठ्यांवर एकदमच पाचसहा सह्या घेऊन ठेवायचे.

"म्हणजे भाडं आलं की काकू मालकीण, आणि नफा आला की काकू शेजारीण," मीनाक्षी हसली. "मी तोंडी काही घेणार नाही हं. काकूंचं प्रतिज्ञापत्र आणा, नोटरी करून. महिनाअखेरच्या आत."

आता त्या पैशाचं खरं काय होतं ते सांगायला हवं, कारण आप्पासाहेब ते सांगणार नव्हते.

सारजाबाई गंगापूर तालुक्यातल्या. वडील वारले तेव्हा रीतीप्रमाणं त्यांनी गंगापूरला कचेरीत जाऊन भाऊ पुंजाराम याच्या हक्कात हक्कसोडपत्र करून दिलं. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावानं साडी-चोळी करायची, पेढा खायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायचं. तिकडच्या शंभरातल्या नव्वद बहिणी असंच करतात आणि घरी आल्यावर साडीचा रंग कसा छान आहे ते शेजारणींना सांगतात. सारजाबाईंनीही सांगितलं. पण पुंजारामच्या मनात काटा राहिला. गोदावरीकाठची जमीन, ऊस मातलेला, कारखान्याचं बिल दर साली येऊ लागलं आणि प्रत्येक बिलाबरोबर काटा थोडा आत जाऊ लागला. शेवटी एका भाऊबीजेला, सारजाबाईंनी ओवाळल्यावर, त्यानं ताटात साडीच्या घडीवर सात लाखांचा चेक ठेवला. चेकवर निरांजनाचं तेल सांडू नये म्हणून आप्पासाहेबांनीच तो चटकन उचलला होता.

"दाजी," पुंजाराम म्हणाला होता, "तुमी ह्याचं काय बी करा. फकस्त अक्काचं नाव लागलं पाह्यजे त्याला."

लागलं. सात लाख ताटातले, सात लाख आप्पासाहेबांच्या प्रॉव्हिडंट फंडातले, आणि गारखेड्याच्या करारावर दोन नावं.

हे सगळं आप्पासाहेबांना मीनाक्षीच्या ऑफिसात आठवत होतं का? पैशाची कुठलीही गोष्ट ते विसरत नसत. 'नाय' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर ते ताट होतं, कुंकू-अक्षतांसकट.

समर्थनगरहून निघून त्यांनी अदालत रोडला स्टॅम्पपेपर घेतला आणि मजकूर स्वतःच तोंडी सांगून टाईप करून घेतला. त्यांच्या मसुद्याची ऑफिसात ख्याती होती. पाच कलमं. पहिलं नाव-गाव, दुसरं मिळकतीचं वर्णन, चौथं आणि पाचवं नेहमीचं. तिसरं सांगताना टायपिस्टनं दोनदा विचारलं, "काय म्हणले साहेब? जरा मोठ्यानं." त्यामुळं तिसरं कलम त्यांना रस्त्यावर मोठ्यानं सांगावं लागलं.

घरी जाताना वाकडी वाट करून ते गुलमंडीवर गेले आणि अर्धा किलो इमरती घेतली.

सारजाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पुडा पाहिला, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"आज काय हाय?"

"काय नाय. सहज."

"सहज?" सारजाबाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली. "पोराच्या लग्नाच्या येळेस चिवडाबी तुमी तोलून आणला व्हता. काय झालं? डॉक्टरकडं गेलते का?"

"अगं, एक सही पाहिजे तुझी. उद्या कोर्टाकडं जाऊन यायचं, नोटरीपुढं. गारखेड्याच्या घराचं आहे."

"ते तर इकलं."

"इकलं, पण कागद राहिलाय एक."

"वाचून दाखवा."

सारजाबाई चौथी शिकलेल्या. वाचता येत होतं, पण चष्मा आत होता आणि हात मेथीचे. आप्पासाहेबांनी कागद उलगडला. पहिलं कलम वाचलं. दुसरं वाचलं, त्यात चतुःसीमा सविस्तर वाचल्या, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याची भिंत. मग घसा साफ केला आणि चौथं वाचलं, पाचवं वाचलं. वाचताना त्यांना वाटलं होतं, ती मध्ये काही विचारील, मग सांगू. तिनं विचारलं नाही.

"बरं," सारजाबाई म्हणाल्या आणि मेथी घेऊन आत गेल्या.

रात्रीच्या जेवणात त्यांनी आप्पासाहेबांना आवडतात तशी ठेच्याबरोबर मेथीची थालीपिठं केली. आप्पासाहेबांना दुसरं संपवता आलं नाही. इमरती एक सारजाबाईंनी खाल्ली, बाकीची शेजारी वाटून टाकली. तशी ती त्यांना कधीच फार आवडत नव्हती, आवडायची आप्पासाहेबांना. हेही त्यांच्या ध्यानात पुडा रिकामा झाल्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून ते कोर्टाजवळ गेले. सारजाबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसल्या होत्या. आप्पासाहेबांना वाटलं, विचारावं, एवढ्याशा कामाला ही कशाला? विचारलं नाही.

नोटरी म्हणजे दत्तोपंत ब्रह्मनाथकर, लिंबाखाली टेबल टाकून बसणारे वयस्कर वकील. आप्पासाहेबांची ओळख होती.

"या औताडेसाहेब. वहिनी, बसा." त्यांनी कागद पाहिला, शिक्के बाहेर काढले आणि सवयीनं विचारलं, "वहिनी, मजकूर वाचून समजला ना?"

"दोन समजलं आन् चार समजलं," सारजाबाई म्हणाल्या. "तीन ह्यांनी गिळलं."

दत्तोपंतांचा शिक्का हवेतच राहिला. "म्हणजे?"

"काल वाचून दाखवलं मला. दोनाच्या पुढं एकदम चार. म्या म्हणलं, ऱ्हायलं आसंल, उद्या वाचतील. आता वाचा तुमी."

आप्पासाहेब म्हणाले, "अगं, ते काही विशेष नाही..."

"मग वाचायला काय झालं?"

दत्तोपंतांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं, मग कागदाकडे. शेजारच्या टेबलावरचे दोघं अशील आपलं भांडण थांबवून ऐकू लागले. दत्तोपंतांनी वाचलं, आणि वकिली आवाजात वाचलं, प्रत्येक शब्द सुटा:

"तीन. सदर मिळकतीच्या खरेदीपोटी मी माझ्या स्वतःच्या उत्पन्नातून अथवा माहेरकडून एक रुपयाही दिलेला नसून सदर मिळकतीस माझे नाव केवळ नावापुरते होते."

'अथवा माहेरकडून' हे आप्पासाहेबांनी स्वतः घातलेलं होतं. पक्कं काम करायची सवय.

 सारजाबाई लिंबाच्या बुंध्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढं केला.

"पेन द्या."

"वहिनी, तुम्हाला हे मान्य..."

"द्या पेन. हक्क सोडायची सही मला करता येती. एकदा केलीय." त्यांनी कागद जवळ ओढला आणि नवऱ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "भावानं साडी-चोळी केलती. तुमी काय करनार? का कालची इमरतीच?"

शेजारचा एक अशील फिस्सकन हसला.

आप्पासाहेबांना हसणाऱ्याचा राग आला नाही. पेनाचं टोक कागदावर टेकत होतं, आणि 'सा' हे अक्षर ती कसं काढते ते त्यांना ठाऊक होतं. पैसे काढायच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, रक्कम नेहमी मागून भरायचे ते. पुंजारामला काटा काढायला सात लाख लागले होते. आपण काटा काढत नव्हतो, नवा रोवत होतो, आणि तोही तिच्याच हातानं. त्यांनी तिच्या हाताखालून कागद ओढला. पेनाची एक लांब रेघ तेवढी कागदावर उमटली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नाय करायची सही."

"का? लई नुकसान व्हईल ना तुमचं?"

"व्हऊ दे."

दत्तोपंतांनी शिक्के खणात ठेवले. "फी नको," ते म्हणाले, आणि उगाच दुसऱ्या फायलीत डोकं घातलं.

तिथूनच दोघं समर्थनगरला गेले. स्कूटरवर आप्पासाहेब सबंध रस्ता बोलत होते: करारावर नाव कसं राहिलं, कर किती, का. वाऱ्यानं निम्मं मागं पोचत नव्हतं. सारजाबाई मधूनच "व्हय" म्हणत होत्या, एवढंच.

मीनाक्षीपुढं बसून आप्पासाहेबांनी सांगितलं, की सात लाख हिचे होते, हिच्या भावाचे. सांगून झाल्यावर त्यांना छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. खरं बोलल्याचं समाधान म्हणतात ते हेच असावं, असं त्यांच्या मनात आलं. ते फार टिकलं नाही.

"छान केलंत काका," मीनाक्षी म्हणाली आणि सारजाबाईंकडे वळली. "मग काकू, हा कर तुमच्या नावावर बसेल. तुमच्या पॅनवर चलन निघेल."

"थांब बाई," सारजाबाई म्हणाल्या. "खरं बोलले ह्ये. आन् भरू मी?"

"ज्याचा नफा त्याचा कर, काकू."

"नफा मला झाला?"

"झाला ना. महागाईची वजावट धरूनही नऊ लाखांच्या वर."

"मग हाय कुठं तो?"

मीनाक्षीनं आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

"पुण्याला," ते म्हणाले.

"तिथं माझं नाव हाय?"

"नाय."

"आस्सं," सारजाबाई म्हणाल्या. "म्हंजी पैसा पुण्याला गेला, नाव तुमचं लागलं, आन् बिल माझ्याकडं आलं."

"मी भरतो ना," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. "माझ्या पेन्शनीतून भरतो. आणि पुण्याच्या घराला तुझं नाव लावून घेऊ. आजच पोराला फोन करतो."

"लावता येईल," मीनाक्षी म्हणाली. "बक्षीसपत्र करावं लागेल. त्याला मुद्रांक शुल्क..."

आप्पासाहेबांच्या डोक्यात लगेच आकडा फिरू लागला: बक्षीसपत्र, किती टक्के, नोंदणी, वकील. तो त्यांनी मागितला नव्हता. आपोआप आला होता. सारजाबाई त्यांच्या कपाळाकडेच बघत होत्या. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्या कपाळावर आकडे कुठं उमटतात ते त्यांना चांगलं माहीत होतं. आप्पासाहेबांनी मान खाली घातली.

"नाव लावायचं तवा लावा," सारजाबाई म्हणाल्या. "पर ह्ये तुमी नका भरू. तुमी भरलं म्हंजी ते परत तुमचंच व्हतंय. भावानं मला दिलवतं. मी भरन."

"कुठून भरशील?"

"पोष्टात हायेत."

आप्पासाहेबांना आपल्या घरातले पोस्टातले पैसे ठाऊक नाहीत, ही गोष्टच नवी होती. सारजाबाई दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि शेवया करून सिडकोभर विकायच्या. ते पैसे तेलामिठात जातात अशी आप्पासाहेबांची समजूत होती, आणि त्यांनी ती कधी तपासली नव्हती, कारण त्यावर कर नव्हता. ते पैसे पोस्टात जात होते, महिन्याच्या महिन्याला, सारजाबाईंच्या एकटीच्या नावावर. एक लाख साठ हजारांच्या वर होते.

"कशासाठी साठवलेवते गं?" बाहेर पडताना त्यांनी विचारलं.

सारजाबाई स्कूटरवर मागं बसल्या, पदर खोचला. "आता काय त्याचं," त्या म्हणाल्या. "चला, पोष्ट बंद व्हईल."

आप्पासाहेबांनी पुन्हा विचारलं, पोस्टाच्या रांगेत, आणि घरी आल्यावर, आणि आठवड्यानं एकदा. तेवढं एक उत्तर मात्र सारजाबाईंनी कुणाच्या नावावर केलं नाही.

पैसे भरले गेले. चलनावर सारजाबाई आप्पासाहेब औताडे असं नाव आलं. मुलाला फोन झाला. तो म्हणाला, बघू, कर्ज फिटल्यावर.

तर एकंदर हिशेब असा उतरला. घर विकून झालेल्या नफ्यातला निम्मा आप्पासाहेबांचा; तो पुण्याच्या घरात गेला, त्यावर कर शून्य. निम्मा सारजाबाईंचा, तोही त्याच घरात गेला, घर बापलेकांच्या नावावर. आप्पासाहेबांना या सगळ्यात स्टॅम्पपेपर, टायपिंग आणि अर्धा किलो इमरती एवढा खर्च आला. एक लाख एकोणपन्नास हजार भरले सारजाबाईंनी, कुरडयांच्या पैशातून, रोख.